मुलाखतीतला तो एक प्रश्न



गेली काही वर्षे आमच्या केंद्रात दर उन्हाळ्यात नोकरीच्या मुलाखतीची तयारी करून घेतली जाते. नुकत्याच पदवी झालेल्या मुली येतात, नवऱ्याने टाकलेल्या येतात, पंधरा वर्षे घर सांभाळून पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्याही येतात. मे महिन्यात भर दुपारी बुटीबोरीला किंवा मिहानला पोचायचे तर घरून किती वाजता निघायचे, तोंडावरची ओढणी सोडून चेहरा धुवायला दहा मिनिटे कशी राखायची, इथपासून सुरुवात होते. अर्जात लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर दोन वाक्ये बोलता येणे, पगाराचा आकडा मान खाली न घालता सांगणे, हे सारे सरावाने जमते. "मी टायपिंग शिकून राहिली" म्हटल्यावर समोरचे साहेब हसतात, ते हसू मनावर न घेता पुढे बोलायलाही आम्ही शिकवतो. (साहेबांना कुणी शिकवायचे, तो विषय वेगळा.)

तयारी अडते ती एका प्रश्नाशी. "लग्न कधी करणार?" झालेले असेल तर "मूल कधी?" मूल असेल तर "त्याला कोण बघणार?" आणि नवऱ्यापासून वेगळी राहत असेल तर "का?" शेजारी बसलेल्या पुरुष उमेदवाराला यातले एकही विचारत नाहीत.

प्रश्न जुना आहे. परराष्ट्र सेवेत गेलेल्या पहिल्या भारतीय स्त्री सी. बी. मुथम्मा. 1948 साली परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर ही सेवा बाईला योग्य नाही असे मुलाखत मंडळानेच त्यांना समजावून पाहिले. लग्न केले तर राजीनामा देईन, असेही लिहून घेतले. 1979 मध्ये त्यांच्याच याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने या सेवेतल्या स्त्रियांवरच्या नियमांत उघड भेदभाव असल्याचे म्हटले.

त्याहून जवळची वाटते ती नीरा माथुर यांची केस. आयुर्विमा महामंडळाची लेखी परीक्षा आणि मुलाखत त्या उत्तीर्ण झाल्या. मग हाती एक फॉर्म आला. पाळी नियमित येते का, शेवटची कधी आली, आता गरोदर आहात का, गर्भपात झाला होता का! 1989 मध्ये त्या रुजू झाल्या, काही महिन्यांनी बाळंतपणाची रजा घेतली, आणि फॉर्ममधली पाळीची तारीख खोटी ठरवून महामंडळाने त्यांना काढून टाकले. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत कामावर घ्यायला लावले. दोष त्या फॉर्ममध्येच आहे, असले रकाने स्त्रीला मान खाली घालायला लावणारे आहेत आणि ते काढून टाका, असे न्यायालयाने बजावले. आमच्या प्रत्येक वर्गात मी ही केस सांगते. फॉर्मचे कागद बदलले, पण तेच रकाने आता तोंडी भरून घेतले जातात.

नागपुरात चौकशी लग्नावरही थांबत नाही. आडनाव ऐकून, पत्त्यातली वस्ती ऐकून पुढचा प्रश्न बदलतो, हे मुली सांगतात तेव्हा मला जाईबाई चौधरी आठवतात. नागपूर-कामठी ओझी वाहणाऱ्या जाईबाई एका मिशनरी बाईंच्या मदतीने शिकल्या, शिक्षिका झाल्या. शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे कळताच पालकांनी गहजब केला आणि नोकरी गेली. 1920 च्या दशकात त्यांनी मुलींसाठी स्वतःची चोखामेळा शाळा काढली. सगळ्यांना शाळा काढता येत नाही, म्हणून तर नोकरी हवी असते.

कायदा आहे. 1976 च्या समान वेतन कायद्याने भरतीतला भेदभावही निषिद्ध केला, 2019 च्या वेतन संहितेत ती तरतूद पुन्हा आली. पण बंद खोलीतल्या प्रश्नाला साक्षीदार कुठून आणायचा? त्यात 2017 च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा 12 वरून 26 आठवडे झाली. आपण मागितलेलीच गोष्ट. मात्र कर्मचारी राज्य विमा लागू नाही तिथे त्या रजेचा सगळा पगार मालकाच्या खिशातून जातो, आणि तो मालक मुलाखतीतच हिशेब मांडायला बसतो. या खर्चाचा वाटा सरकारने उचलावा ही मागणी आपण पुरेशा जोराने केलेली नाही.

मग मुलींना सांगायचे काय? आमच्या बैठकीत यावर दर वेळी वाद होतो. काहीजणी म्हणतात, उत्तर नाकारून उठून यावे. पण जिच्या खोलीचे भाडे थकले आहे, तिच्याकडून हे शौर्य मागण्याचा आपल्याला हक्क नाही, असे मला वाटते. तिने वाटल्यास "कामाच्या वेळा मी पाळीन" एवढेच म्हणून थांबावे. वाटल्यास धडधडीत खोटे सांगावे, आमच्याकडून तिला उपदेश मिळणार नाही. बाहेर आल्यावर मात्र तारीख, कोण होते, नेमके काय विचारले, पुरुषांनाही विचारले का, हे त्याच दिवशी लिहून आम्हांला द्यावे. पत्र आम्ही लिहू, तिचे नाव न घालता.

आणि एक विषय या अंकापासून काढायचाच आहे. "रात्री गावात मुक्काम करावा लागेल, घरचे परवानगी देतील का?" हा प्रश्न मी आपल्याच क्षेत्रातल्या संस्थांच्या मुलाखतींत अनेकदा ऐकला आहे. मुक्कामाची सोय सुरक्षित आहे का, हे संस्थेने सांगायचे असते. घरच्यांची परवानगी आपण कधीपासून मागायला लागलो? तुमच्या गटाने गेल्या वर्षात भरती केली असेल, तर उमेदवारांना विचारलेल्या प्रश्नांची यादी पाठवा. पुढच्या अंकात दोन पाने त्यासाठी राखून ठेवली आहेत.