नर्सिंगला जायचे तर निकालाची वाट पाहू नका

बारावीचा निकाल लागतो, पोरीला बरे मार्क पडतात, मग 'नर्सिंगला टाकू' म्हणून तुम्ही हिंगोलीची एस.टी. धरता. तिथे कळते, फॉर्मची मुदत कधीच सरली. वर्ष वाया जाते, आणि घरात लग्नाचा विषय निघतो.

पूर्वी एएनएम, जीएनएमच्या याद्या बारावीच्या मार्कांवर लागत. अजून आपला हिशेब तोच आहे. आता चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्याच्या सीईटी कक्षाची वेगळी परीक्षा असते. १०० प्रश्न, १०० मार्क. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल, प्रत्येकी २०. तिचे फॉर्म बारावीच्या परीक्षेच्या आगेमागे सुटतात. म्हणजे आपल्याकडे हळद काढणी-शिजवणीची धांदल. घरातली सगळी माणसे कढईजवळ, तेव्हा फॉर्मकडे बघणार कोण?

खरे तर निर्णय त्याहून दोन वर्षे आधीच होऊन जातो. दहावीनंतर 'जवळ आर्ट्सचेच कॉलेज आहे, पोरगी रोज जाऊन येईल' म्हणून तुम्ही तिला कला शाखेत घातले, की बी.एस्सी. नर्सिंगचा रस्ता बंद. तिथे बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी लागते. खुल्या गटाला ४५ टक्के, राखीव गटांना ४०. कला शाखेच्या मुलीला तीन वर्षांचे जीएनएम आणि दोन वर्षांचे एएनएम उरते. त्यात कमीपणा काही नाही. उपकेंद्रातल्या नर्सबाई एएनएमच असतात, आणि पाच हजार वस्तीच्या लसी-बाळंतपणांचा भार त्यांच्यावर असतो. मात्र त्यांच्या प्रवेशाचीही त्या-त्या वर्षीची सूचना निकालाआधीच वाचून ठेवा. एएनएम फक्त मुलींसाठी. बाकी दोन्हींना पोरेही जाऊ शकतात, हे अनेकांना ठाऊकच नसते.

तलाठी आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांनाही एक सांगणे आहे. जातीचा दाखला, रहिवास, उत्पन्न, नॉन-क्रिमिलेअर यांची गर्दी जूनमध्ये उसळते. नॉन-क्रिमिलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, मुदत सरलेला कागद चालत नाही. जात पडताळणीला तर महिने जातात. कळमनुरी, औंढ्याच्या आंध कुटुंबांची पडताळणी जिल्ह्याच्या समितीकडे नसून अनुसूचित जमातींच्या वेगळ्या समितीकडे असते. ती प्रकरणे अकरावीतच पुढे गेली पाहिजेत.

फॉर्म हुकला की एजंट दारात येतो. हळदीची पट्टी नुकतीच हातात पडलेली असते, हे त्यालाही माहीत असते. 'परीक्षा नको, परराज्यात सीट पक्की' म्हणतो आणि मूळ मार्कशीट ठेवून घेतो. मूळ कागद कुणाच्या हाती देऊ नका. कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, ते आधी विचारा. कौन्सिलकडे नोंदणी झाल्याशिवाय तिला नर्स म्हणून काम करता येत नाही. दुसरे नुकसान पैशाचे. २०२४च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी व आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ केली. पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. एजंटाच्या मागच्या दाराला ही माफी नाही.

आणि फॉर्म सेतू केंद्रात भरला, तरी त्यावर मोबाईल नंबर घरचाच टाका. केंद्रवाला स्वतःचा टाकतो. मग हॉलतिकिटाचा निरोप त्याच्या खिशात वाजतो आणि तुम्ही शेतात असता.