थंड हळदपेय : आधी उकळी, मग गारवा

म्हैसूरलगतच्या चामराजनगर जिल्ह्यात हळद पिकते आणि म्हैसूर येथेच १९५० साली स्थापन झालेली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था मसाल्यांवर संशोधन करते. पीक व शास्त्र असे हाताशी असताना थंड हळदपेयाची महागडी बाटली विकत घेण्याचे प्रयोजन नाही. ते घरीच करावे; मात्र शास्त्र सांभाळून.

हळदीतील कुरकुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्धांशात विरघळते. गार पाण्यात ढवळलेली भुकटी तळाशीच बसते. म्हणून दोन पेले सायीच्या दुधात अर्धा चमचा हळद, चार ठेचलेले मिरे, सुंठ व वेलदोडा घालून मंद आचेवर उकळावे, गाळावे, कोमट झाल्यावर गूळ मिसळावा. लगेच थंड करून त्याच दिवशी संपवावे.

मिरे केवळ चवीसाठी नव्हेत. पिपेरिनमुळे कुरकुमिनचे शोषण सुमारे वीसपट वाढल्याचे बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखविले. परंतु त्या प्रयोगातील मात्रा पेल्यातल्या हळदीहून कितीतरी अधिक होती. सबब हे पेय आहार आहे, औषध नव्हे.

खरा प्रश्न हळदीच्या निवडीचा आहे. पिवळ्याधमक रंगाच्या मोहातूनच लेड क्रोमेटच्या भेसळीला वाव मिळतो आणि शिशाचा सर्वाधिक अपाय बालकांना होतो. ग्राहकाने बिनपॉलिशची हळकुंडे घेऊन ती घरी दळावीत. चकाकीपेक्षा शुद्धतेला दाम मिळू लागला, तरच प्रामाणिक हळद उत्पादकाच्या कष्टाचे चीज होईल.