खेळाची खातेवही

३० ऑगस्ट २०२० रोजी बुद्धिबळाच्या पहिल्या ऑनलाइन ऑलिम्पियाडचा अंतिम सामना भारत आणि रशिया यांच्यात झाला. महामारीमुळे संघ एकत्र येऊ शकत नव्हते. प्रत्येक खेळाडू आपापल्या ठिकाणी पडद्यासमोर बसून खेळत होता. सामना ऐन रंगात असताना इंटरनेटच्या यंत्रणेत बिघाड झाला, दोन भारतीय खेळाडूंचा सर्व्हरशी संपर्क तुटला आणि वेळ संपल्यामुळे त्यांचे डाव गेले. त्या दोघांपैकी एक होती नागपूरची चौदा वर्षांची दिव्या देशमुख. भारताने दाद मागितल्यावर जागतिक बुद्धिबळ महासंघाने दोन्ही संघांना संयुक्त विजेते घोषित केले. पुढे २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बातुमी येथे दिव्याने महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर ठरली.

याच नागपूर शहरातून जुलै २०२३ मध्ये वेगळीच वार्ता आली होती. ऑनलाइन जुगाराच्या नादी लावून आपली सुमारे ५८ कोटी रुपयांची फसवणूक करण्यात आली, अशी तक्रार एका व्यापाऱ्याने पोलिसांत दिली. सुरुवातीला त्याच्या पदरात काही कोटींची जीतही पडली होती. तपासात पोलिसांनी गोंदिया येथे छापा घातला, तेव्हा कोट्यवधींची रोकड आणि किलोच्या मापात सोने हाती लागले. विदर्भातील व्यापारी पेठांमध्ये या प्रकरणाची चर्चा कित्येक दिवस होत राहिली.

दोन्ही घटनांत पडदा तोच आणि इंटरनेटही तेच. म्हणून ‘मुलगा मोबाइलवर खेळतो’ एवढ्याच माहितीवर चिंता करणे किंवा निश्चिंत होणे, दोन्ही अपुरे आहे. व्यापारी घराला शोभणारा प्रश्न वेगळा आहे: या खेळाचा जमाखर्च काय? पैसा कोठून येतो, कोणाकडे जातो आणि केव्हा जातो? ज्या खेळाची खातेवही मांडता येते, त्याचे गुणदोषही ओळखता येतात.

हा छंद घरात शिरला तो टप्प्याटप्प्याने. नव्वदीच्या दशकात टीव्हीला जोडायचे यंत्र आणि त्यात बसवायची कॅसेट आली. ‘मारिओ’ आणि ‘काँट्रा’ ही नावे त्या पिढीच्या तोंडी होती. नंतर सायबर कॅफेतले संगणक आले, नोकियाच्या फोनवरचा साप आला. या सर्वांना एक नैसर्गिक मर्यादा होती: कॅसेट एक, टीव्ही एक आणि त्यावर वडीलधाऱ्यांचा पहिला हक्क. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन डेटा स्वस्त झाला आणि ती मर्यादा संपली. खेळ बैठकीच्या खोलीतून खिशात गेला. घरातील कोण काय खेळते, हे इतरांना दिसेनासे झाले.

सर्व जण एकाच कारणासाठी खेळत नाहीत, हेही लक्षात घेतले पाहिजे. १९७८ मध्ये ब्रिटनच्या एसेक्स विद्यापीठात अनेकांनी एकत्र खेळण्याचा संगणकी खेळ रचला गेला. तो रचणाऱ्या दोघांपैकी एक, रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार मांडले आणि त्यांना पत्त्यांच्या चार रंगांची उपमा दिली. चौकट म्हणजे गुण, पातळ्या आणि खजिना जमविणारे. इस्पिक म्हणजे शोध घेणारे. त्या रंगाच्या इंग्रजी नावाचा एक अर्थ फावडे असाही आहे, म्हणून खेळाचा कोपरा न् कोपरा खोदून पाहणारे ते इस्पिकवाले. बदाम म्हणजे माणसांच्या सोबतीसाठी खेळणारे. आणि किलवर म्हणजे दुसऱ्यावर कुरघोडी करण्यात आनंद मानणारे.

ही विभागणी घरोघरी पडताळून पाहता येते. नवी मुंबईच्या कंपनीने बनविलेला ‘लुडो किंग’ टाळेबंदीच्या काळात लाखो घरांत पोहोचला. परगावच्या नातवंडांबरोबर फासे टाकणाऱ्या आजीला जिंकण्याहरण्याचे फारसे सोयरसुतक नसते. तिचा रंग बदाम. रात्री दोन वाजेपर्यंत ‘आणखी एक पातळी’ म्हणत जागणारा तरुण चौकटीचा. मुलाचा रंग कळला तर त्याला काय हवे आहे हे कळते, आणि तेच अधिक चांगल्या वाटेने देता येते. मित्रांच्या सोबतीसाठी खेळणाऱ्या मुलाचा फोन नुसता काढून घेतला तर त्याची सोबतच जाते. त्याला मैदान, सहल किंवा दुकानावर चार माणसांत वावरण्याची संधी द्यावी लागते.

आता खातेवही. कमाईच्या रीतीवरून खेळांचे ढोबळमानाने चार प्रकार पडतात.

पहिला प्रकार रोखीच्या सौद्याचा. एकदा किंमत मोजली की खेळ आपला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा २०२० मध्ये आलेला ‘राजी’ हा असा खेळ. असुरांनी पळविलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ही कथा राजस्थानी वास्तूंच्या पार्श्वभूमीवर घडते. अशा खेळाला शेवट असतो. विक्री झालेली असल्याने खेळाडूला महिनोन् महिने अडकवून ठेवण्यात निर्मात्याचा फारसा लाभ नसतो.

दुसरा प्रकार जाहिरातींवर चालणारा. येथे खेळणाऱ्याकडून पैसा घेतला जात नाही, त्याचे लक्ष विकले जाते. गिऱ्हाईक जाहिरातदार असतो आणि माल म्हणजे खेळणाऱ्याचा वेळ.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. प्रवेश मोफत, पण आत दुकान. ‘बीजीएमआय’सारख्या खेळांत पोशाख, बंदुकीचे रंग अशा शोभेच्या वस्तू विकत मिळतात. रुपये थेट मागितले जात नाहीत. आधी त्यांचे ‘यूसी’ किंवा ‘हिरे’ अशा नावाच्या नाण्यांत रूपांतर करावे लागते. एकदा चलन बदलले की किंमत डोळ्यांआड जाते. शंभर रुपये देताना थबकणारा हात शंभर हिरे सहज देतो. काही खेळांत बंद पेट्या विकतात. आत काय निघेल हे नशिबावर. अशा पेट्या म्हणजे जुगारच होय, अशी भूमिका बेल्जियमने २०१८ मध्ये घेतली. ‘फोर्टनाइट’ची कंपनी एपिक गेम्स हिने डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी ५२ कोटी डॉलरची तडजोड केली. त्यांपैकी २४.५ कोटी डॉलर हे नकळत खरेदी करायला लावल्याच्या आरोपापोटी ग्राहकांना परत देण्यासाठी होते. कुशल माणसांनी खरेदीचे बटण कोठे ठेवायचे याचा अभ्यास केलेला असतो. बारा वर्षांच्या मुलाकडून त्याला पुरून उरण्याची अपेक्षा करणे योग्य नव्हे.

चौथा प्रकार पैसा पणाला लावण्याचा. त्याचे गणित दुकानाच्या पाटीवर मांडता येते. समजा, सारख्याच कुवतीचे दोन खेळाडू प्रत्येकी १०० रुपये लावतात आणि खेळविणारा त्या २०० मधून १० रुपये काढून घेतो. शंभर डावांत दोघांनी पन्नास-पन्नास जिंकले, तर प्रत्येकाने १०,००० रुपये घातले आणि ९,५०० परत मिळाले. दोघेही ५०० रुपयांनी तोट्यात, खेळविणारा १,००० रुपयांनी नफ्यात. त्यातून वर्षाअखेर निव्वळ जीत उरलीच तर तीवर ३० टक्के प्राप्तिकर. आणि हरलेली रक्कम धंद्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. जोखीम खेळणाऱ्याची आणि निश्चित उत्पन्न दुसऱ्याचे, असा व्यवहार कोणताही व्यापारी पेढीवर बसून मान्य करणार नाही.

‘हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा’ हा वाद या धंद्याने वर्षानुवर्षे ढालीसारखा वापरला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत करून तो भेदच बाजूला सारला. २२ ऑगस्टला त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. ई-स्पोर्ट्स, सामाजिक खेळ आणि पैशांचे खेळ असे तीन वर्ग करून पहिल्या दोहोंस मोकळीक आणि तिसऱ्यास मनाई, असे त्याचे स्वरूप आहे. पैशांचे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यांची जाहिरात करणे आणि बँकांनी त्यांचे व्यवहार पुरे करणे यांनाही बंदी आहे. खेळणाऱ्यास मात्र शिक्षा नाही. त्याला पीडित मानले आहे.

येथे व्यापारी कुटुंबांनी विशेष सावध राहावे अशी एक बाब आहे. उघड मार्ग बंद झाले की असा पैसा चोरवाटांनी फिरतो आणि त्यासाठी इतरांची बँक खाती लागतात. ‘तुमच्या फर्मचे चालू खाते काही दिवस वापरू द्या, उलाढालीवर टक्का देऊ’, असा प्रस्ताव ओळखीच्या माणसाकडूनही येऊ शकतो. असा टक्का घेणारा स्वतः डाव खेळलेला नसला तरी तपास त्याच्या दारी येतो, खाते गोठते आणि पिढ्यान् पिढ्यांची बाजारातील पत एका दिवसात जाते. घरातील महाविद्यालयीन मुलांना हे स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे, कारण खाते मागायला बहुधा त्यांचाच मित्र येतो.

परंपरेने खेळ कधी वर्ज्य मानला नाही. पूर्वजांनी चौऱ्याऐंशी घरांचा ज्ञानबाजीचा पट रचला, पर्युषणाच्या दिवसांत घरोघरी तो खेळला गेला. वर्ज्य मानले ते पणाला लावणे. सप्तव्यसनांत द्यूताचे नाव पहिले येते ते उगीच नव्हे. एका बाबतीत मात्र परंपरा अधिक कठोर आहे. गोळ्या झाडण्याच्या खेळांविषयी ‘खरे कोणी मरत नाही’ असे मुले म्हणतात. यशोधर राजाची कथा ज्या घरांत सांगितली जाते, तेथे या युक्तिवादाला उत्तर ठाऊक असते. त्याने बळी दिला तो पिठाचा कोंबडा होता, तरी संकल्प वधाचा होता. दहाव्या शतकात सोमदेवसूरींनी ‘यशस्तिलक’ या काव्यात ही कथा विस्ताराने मांडली. मुलांना धाक घालण्यासाठी ती सांगू नये. पण डाव संपल्यावर मन कोणत्या अवस्थेत असते, हे त्यांना स्वतःला विचारायला लावण्यासाठी ती अवश्य सांगावी.

वेळेचे खातेही पैशाइतकेच महत्त्वाचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ या विकाराचा समावेश आहे. त्याची लक्षणे तीन: खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ सुरूच राहणे. हे चित्र साधारणतः वर्षभर टिकले आणि शिक्षण, नाती वा कामकाज बिघडले, तर निदान होते. सुटीत चार दिवस अधिक खेळणारा मुलगा आजारी ठरत नाही. पण तिन्ही लक्षणे एकत्र दिसू लागली तर रागावण्यात वेळ न दवडता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

घरच्या घरी करण्याजोगे उपाय साधे आहेत. मुलाच्या हातातील फोनला कार्ड किंवा यूपीआय जोडून ठेवू नये. प्रत्येक खरेदीला पालकांची मंजुरी लागेल अशी सोय फोनमध्ये असते, ती सुरू करावी. दरमहा आपोआप वळत्या होणाऱ्या १५,००० रुपयांपर्यंतच्या रकमेला प्रत्येक वेळी ओटीपी लागत नाही, म्हणून बँकेचे विवरणपत्र महिन्यातून एकदा ओळीने वाचावे. ‘बीजीएमआय’ने अठरा वर्षांखालील खेळाडूंसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादा ठेवली आहे, पण वडिलांच्या नावाने खाते उघडले की ती निरर्थक ठरते, तेव्हा खाते खऱ्या वयाने उघडावे. पैशाचे आणि वेळेचे मासिक टिपण मुलाने स्वतःच्या हाताने लिहावे आणि ते वडीलधाऱ्यांपुढे ठेवावे. नियम मोठ्यांनाही लागू असावेत. भोजनाच्या पंगतीत वडिलांचा फोन वाजत राहिला तर मुलाला सांगण्यासारखे काही उरत नाही.

आणि मुलाला पडद्यावर खेळायचेच असेल तर चांगले पर्यायही आहेत. ‘लिचेस’ या संकेतस्थळावर बुद्धिबळ विनामूल्य खेळता येते. तेथे जाहिरात नाही, दुकान नाही, सारा खर्च देणग्यांवर चालतो. या दिवाळीत नवी वही उघडताना एक कोरे पान मुलांच्या नावे ठेवावे. घरात कोण कोणता खेळ खेळते आणि त्या खेळाचा पैसा कोठून येतो, एवढे त्यावर सर्वांनी मिळून लिहावे. ते पान भरताना होणारे बोलणे बंदीपेक्षा अधिक काळ टिकते.