हुलग्याचे गाडगे रिकामे करू नका



हुलगा म्हटले की पुष्कळ जण नाक मुरडतात. बैलाचे खाणे म्हणतात. पण थंडीत शेंगोळे केले की तेच लोक दोनदा मागून घेतात! म्हणून मी हुलग्याची बाजू मांडणार आहे.

आम्ही बारामती तालुक्यातले. आमच्या आजीच्या गाडग्यात राख लावलेला तांबडा हुलगा असायचा. माझी आत्या इंदापूर तालुक्यात दिलेली आहे. तिच्याकडचा हुलगा काळा. आजी सांगते, आपला तांबडा लवकर पिकतो, आणि आत्याचा काळा उशिरा येतो पण पाऊस लांबला तरी तग धरतो. हुलग्याचे फूल बहुतेक आपल्याच परागावर फळते. त्यामुळे घरोघरचे बी पिढ्यान्‌पिढ्या आपला गुण राखून असते.

गेल्या साली आमच्या सगळ्या रानात ऊस झाला. हुलगा पेरायला तुकडा उरला नाही. मग आईने गाडग्यातले सगळे हुलगे दळून आणले. आजी म्हणाली, "मूठभर तरी ठेवायचं व्हतं गं. असलं बी दुकानात मिळत न्हाय." त्या दिवशी ती शेंगोळे जेवली नाही.

आजीचे खरे आहे, असे मला वाटते. दुकानातले सुधारित बी चांगलेच असते. पण गुरुजींनी सांगितले की शास्त्रज्ञ एका वाणाचे पराग दुसऱ्या वाणाच्या फुलाला लावून दोघांचे गुण एकत्र आणतात. जुने बीच संपले तर ते गुण आणायचे कुठून? शिवाय सगळ्यांनी एकच वाण लावले आणि त्यावर रोग पडला, तर सगळेच जाते. आयर्लंड देशात लोक बहुतेक एकाच जातीच्या बटाट्यावर जगत होते. १८४५ साली त्यावर करपा आला. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसे दगावली.

अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी शाळा न शिकताही गावरान बियाणे जपले. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. मग आपण शिकणाऱ्या मुलांनी एवढेही करू नये का?

माझे म्हणणे असे आहे की प्रत्येकाने घरून एक ओंजळ हुलगा, मटकी किंवा तूर आणावी. बाटलीत भरून वर गावाचे नाव लिहावे. बाटल्या वर्गातल्या फळीवर ठेवाव्यात. दर पावसाळ्यात थोडे बी शाळेच्या बागेत पेरावे, म्हणजे ते जिवंत राहील.

आत्याने दिवाळीला काळा हुलगा आणायचे कबूल केले आहे. तांबडा कोणाच्या घरी असेल तर मला एक मूठ द्या. आजीला दाखवायचा आहे.

— इयत्ता चौथी