जुने सीएनसी घेताना...

जुनी वस्तू घ्यायची म्हटली की आपल्याकडे लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "लोखंड आहे हो, त्याला काय होते!" दुसरा म्हणतो, "भंगार आहे, हात लावू नका." साध्या लेथच्या बाबतीत दोघेही थोडे थोडे बरोबर असतील. पण जुन्या सीएनसी मिलिंग मशीनच्या (वर्कशॉपवाले त्याला व्हीएमसी म्हणतात) बाबतीत दोघेही चुकतात, असे माझे मत झाले आहे.

हा विषय माझा नव्हे. मी जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला. पण पुतण्याने असे मशीन घ्यायचे मनावर घेतले आहे. जुन्या मशीनवर कर्ज द्यायला बँक कुरकुरते, म्हणजे पैसा घरचाच जाणार, धानाच्या शेतातून आलेला. म्हणून चार वर्कशॉपमध्ये स्टुलावर बसून ऐकले, विचारले, वाचले. त्यातून जे पटले ते लिहितो आहे.

पहिला प्रश्न मशीन बघायच्याही आधीचा. काम कोणते करणार? आपल्या दोन जिल्ह्यांत वर्कशॉपकडे येते ते बहुतेक तुटलेले असते. मूल-सिंदेवाहीकडच्या राईस मिलचा शाफ्ट, कोळसा खाणीतल्या पंपाचा एखादा भाग. नग एकच, ड्रॉइंग नाही, पोत्यात घालून आणलेला आणि "उद्या सकाळी पाहिजे". अशा कामाला साधे मिलिंग मशीन आणि तयार हातच बरा. तोच नग शंभरदा करायचा असेल किंवा आकार हाताने निघण्यासारखा नसेल, तेव्हाच सीएनसीचा खरा उपयोग. कोनसरीला पोलादाचा कारखाना उभा राहिला म्हणून पोरांना हुरूप आला आहे, आणि तो चांगलाच आहे. पण कारखाना आला म्हणजे आपल्या हातात ऑर्डर आली असे होत नाही बाबांनो!

आता मशीनकडे वळू. आकड्यांच्या हुकमावर चालणारे मिलिंग मशीन अमेरिकेत एमआयटीने १९५२ साली दाखवले. तेव्हा हुकूम कागदी फितीवरच्या भोकांनी दिले जात. त्या दिवसापासून या मशीनला दोन वये आहेत, एक लोखंडाचे आणि एक मेंदूचे. हरिहरची म्हैसूर किर्लोस्कर बंद पडून दोन दशके उलटली, तरी तिचे लेथ अजून चालतात, कारण कोणताही जाणता फिटर ते उघडून दुरुस्त करतो. सीएनसीचे तसे नाही. बेड ठणठणीत असतो, पण कंट्रोलचे एक कार्ड जळले आणि ते बाजारात मिळत नसले, की चार-पाच टनांचे ते धूड नुसते जागा अडवून बसते.

म्हणून विक्रेत्याला मशीनचे साल विचाराच, पण त्याच दमात कंट्रोल कोणते, कोणत्या मालिकेचे, हेही विचारा. फॅनकची झिरो मालिका १९८५ साली आली. आज ती जुनी झाली, पण तिची जाण असलेली माणसे सापडतात. एखाद्या अनोळखी कंपनीचा कंट्रोल त्याहून दहा वर्षे तरुण असूनही अनाथ असू शकतो.

जुन्या कंट्रोलमध्ये मशीनची स्वतःची मापे, म्हणजे पॅरामीटर, बॅटरीच्या जोरावर टिकून असतात. मशीन महिनोन्‌महिने बंद पडून राहिले आणि बॅटरी संपली, की ती पुसली जातात. मग मशीन जागचे हलत नाही. ही मापे त्या एका मशीनपुरतीच असतात, शेजारच्याची चालत नाहीत. त्यामुळे पॅरामीटरची छापील यादी आणि मशीनची मूळ पुस्तके ज्याच्याकडे नाहीत, त्याने किंमत कितीही पाडली तरी मी दोनदा विचार करीन. मुलाला शाळेत घेताना आपण दाखला मागतोच ना?

प्रत्यक्ष बघायला जाल तेव्हा आधीच सांगून ठेवा की मशीन थंड असू द्या, आम्ही आल्यावर सुरू करा. स्पिंडलचा खरा आवाज तेव्हाच कळतो. डायल लावून बॅकलॅश बघायचा तो टेबलाच्या मध्यभागी आणि दोन्ही टोकांनाही, कारण झीज मध्येच जास्त होते. आणि एक मेख अशी, की बॅकलॅश झाकण्यासाठी कंट्रोलमध्ये भरपाईचा आकडा भरून ठेवता येतो. तो उघडून दाखवायला सांगा. डायल शहाणा दिसला आणि आकडा मोठा निघाला, तर बॉलस्क्रू थकला आहे असे समजा. शेवटी आपल्यासमोर एक नग कापून घ्या आणि मोजा. ताज्या रंगाला भुलू नका. हे सगळे झाल्याशिवाय बयाणा नाही म्हणजे नाही!

आणि आता आपल्या भागाची खास गोष्ट. अशा मशीनच्या विजेच्या सामानासाठीचे आंतरराष्ट्रीय मानक भोवतालचे तापमान ५ ते ४० अंश धरते. चंद्रपूरचा मे महिना ४७ अंशांवर जातो! वर कोळशाची धूळ. भोसरीत बिनतक्रार चाललेला कंट्रोल इथे पत्र्याच्या शेडखाली दम टाकू शकतो. कपाटाला एसी, जाळ्यांची सफाई, जपानी मशीन २०० व्होल्टचे असले तर ट्रान्सफॉर्मर, दोन्हीकडची क्रेन, पाया, लेव्हल... हा सगळा खर्च किमतीतच धरायचा.

सगळ्यात मोठा खर्च मात्र कोटेशनमध्ये कधीच नसतो. तो म्हणजे दुरुस्ती करणाऱ्या माणसाचे अंतर. पुण्या-बंगळुरूत मशीन बंद पडले तर माणूस दुपारपर्यंत येतो. आपल्याकडे त्याच्या गाडीभाड्यापासून सुरुवात, आणि तो येईपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे. म्हणून माझे म्हणणे असे: स्वस्त, कमी वापरलेले पण अनोळखी मशीन एकीकडे आणि थोडे महाग, थोडे झिजलेले, पण ज्याचा जाणकार नागपुरात बसतो असे दुसरीकडे असेल, तर डोळे झाकून दुसरे घ्यावे. आधी माणूस शोधावा, मग मशीन.

पुतण्या म्हणतो, "काका, इतके बघत बसलो तर मशीन हातचे जाईल." जाऊ दे की. जुनी मशीने रोज विकायला निघतात, धानाचे शेत पुन्हा उभे राहत नाही.

असो. भोसरी-चाकणकडच्या आपल्या नातलगांपैकी कुणी बघायला सोबत जाईल का? आणि नागपुरात जुन्या फॅनकवर हात बसलेला माणूस कुणाच्या ओळखीचा असेल तर जरूर कळवा.