मृत्युपत्र करताय? सल्ला देणाऱ्याचे पैसे कोण देतंय ते आधी बघा

मंडळी, परवा वाकोल्यात आमच्या जुन्या सोसायटीतल्या काकूंनी एक कागद वाचायला दिला. काकांचं मृत्युपत्र. पाचशेचा स्टॅम्पपेपर, नोटरीचा शिक्का, खर्च 12 हजार. साक्षीदाराची सही मात्र एकच! करून देणारा कोण, तर रीडेव्हलपमेंटच्या संमतीपत्रांसाठी दारोदार फिरतो तोच.

काकांना फ्लॅटमध्ये माहेरी परतलेल्या मुलीचाही हिस्सा ठेवायचाय. हा म्हणाला, "मुलाचं नॉमिनेशन आहे ना, तोच मालक." बिल्डरच्या माणसाला सही एकाचीच घ्यायची असली की सोपं पडतं, हे मी सांगायला नको.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. आपल्या राज्याच्या सहकार कायद्यात सोसायटी त्याला वारस ठरेपर्यंत तात्पुरता सभासद करून घेते, एवढंच. शेअर्स-म्युच्युअल फंडांचंही तेच. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकरांनी 2011 मध्ये मृत्युपत्र केलं, 2013 मध्ये ते गेले. गुंतवणुकीतले नॉमिनी मालक की नाही, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. 14 डिसेंबर 2023 ला निकाल लागला: मालक नाहीत. दहा वर्षं! एवढ्या मोठ्या घराची ही कथा, तर आपलं काय.

बाकी कायदा तसा साधा आहे. 1925 च्या उत्तराधिकार कायद्याचं कलम 63 किमान दोन साक्षीदार मागतं. कोरा कागद चालतो, स्टॅम्प ड्युटी नाही, नोंदणी ऐच्छिक. नोटरी केली म्हणून दोन साक्षीदारांची अट सुटत नाही. प्रोबेटची भीती घालून पैसे काढणारेही भेटतील. मुंबईत ते सक्तीचं होतं खरं, पण ते कलम 213 संसदेने डिसेंबर 2025 मध्ये काढून टाकलं.

आणि गंमत बघा, फ्लॅट दोघांच्या नावावर. म्हणजे काकूंचंही स्वतंत्र मृत्युपत्र हवं. त्यांना हे कोणी विचारलंसुद्धा नव्हतं.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना वकिलाचा सल्ला मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन 15100. नंबर लिहून ठेवा. खाजगी वकील केलात तरी हरकत नाही. फी तुम्ही द्या, पावती घ्या, आणि त्या घरात त्याचा दुसरा काही व्यवहार नाही ना ते विचारा.

काका सुदैवाने ठणठणीत आहेत, कागद नव्याने होईल. सोमवारी काकूंबरोबर मीही जातोय. काकांचा एकच प्रश्न, "त्या 12 हजारांचं काय?"