सहावीचा पहिला तास

रविवारी रात्री साडेअकराला फोन. ‘अगं, पाठ टाचण लिहितेय. पहिल्या तासाला टेन्सेस घेऊ की पार्ट्स ऑफ स्पीच?’ मी म्हटलं, ‘आधी झोप.’

ही माझी मैत्रीण. पाच वर्षं हिंजवडीत फॉरेनच्या क्लायंटशी फाडफाड बोलायची. मग बीएड, टीईटी वगैरे सगळे सोपस्कार, आणि आता शिरूर तालुक्यात सहावीला इंग्लिश. शिक्षणसेवकाची पहिली तीन वर्षं मानधनावर. २०२३ पासून प्राथमिकला महिना १६,००० रुपये. (आधी ६,००० होते, तेव्हा तक्रार नाही!) तुमची-आमची वीकएंडची उडवाउडवी आठवा आणि गप्प बसा.

तर सोमवारी बाईसाहेबांनी एकदम कॉर्पोरेट फंडा काढला. आइसब्रेकर. इंट्रोड्यूस युवरसेल्फ. पहिला मुलगा उभा राहिला, ‘माय नेम इज’ म्हणाला, नाव सांगितलं आणि खाली बसला. मागच्या बाकावरचा तर उठलाच नाही. मान खाली. आपल्याकडे पहिलीपासून इंग्लिश २००० साली आलं, त्याआधी पाचवीपासून होतं. म्हणजे या पोरांची पाच वर्षं इंग्लिशमध्ये गेलीत, आणि त्यातून पक्कं काय बसलं? तर भीती. आता वर टेन्सेस लादले की संपलंच.

टाचण फाडलं. मंगळवारी फक्त एक काम : घरात, शेतात, रस्त्यावर ऐकलेले इंग्लिश शब्द सांगा. फळा भरला. मोटर, पाइप, व्हॉल्व्ह, ट्रॉली, रांजणगाव एमआयडीसीतून आलेले शिफ्ट आणि ओव्हरटाइम. मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, ‘स्टार्टर.’ रात्री लाइट आली की वडिलांबरोबर मोटर चालू करायला तोच जातो. कशी करतोस, दाखव. त्याने हवेत हिरवं बटण दाबलं. हिने फळ्यावर लिहिलं : प्रेस द ग्रीन बटन. अख्ख्या वर्गाने हवेत बटण दाबलं.

आज्ञार्थी वाक्याचं बरं असतं. कर्ता शोधायला नको, काळ नको, ‘इज’ की ‘आर’ नको. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यांचं इथे थेट पहिलं; हे मुलांना व्याकरण न सांगता हातानेच कळतं.

हिचं माहेर दौंडचं. पुढच्या आठवड्याची आयडिया तिथल्या प्लॅटफॉर्मवर सुचली. अनाउन्समेंट मराठीत, हिंदीत, इंग्लिशमध्ये : एकच गोष्ट तीनदा! मोबाइलवर रेकॉर्ड करून आणलीय. मुलांनी फक्त गाडीचा नंबर आणि प्लॅटफॉर्म ओळखायचा.

दौंडहून पुण्याला येताना केडगाव लागतं, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. रमाबाई १८८३ मध्ये पंचविशीत इंग्लंडला गेल्या. चेल्टनहॅमच्या कॉलेजात संस्कृत शिकवायच्या आणि तिथेच स्वतः शिकायच्याही. पुढे अमेरिकेत त्यांनी किंडरगार्टनची पद्धत शिकून घेतली : वस्तू हातात, मग शब्द. हे ऐकून मैत्रीण म्हणाली, ‘म्हणजे मी स्टार्टरच वर्गात आणायला हवा होता!’

गुरुवारी पुन्हा फोन. मागच्या बाकावरच्याने तासानंतर गाठलं होतं. ‘मॅडम, लाइट गेली हे इंग्लिशमध्ये कसं म्हणायचं?’ हिने सांगितलं, तिथे लाइट नाही, पॉवर जाते. तो बराच वेळ विचारात. मग म्हणाला, ‘पण मॅडम, आली तर?’